कुरणात कोणतं गवत राखायचं?
(पाड्यावरच्या बैठकीतलं भाषण)



सामूहिक दाव्यात आपण चराईचा हक्क मागितलाय. 2006 च्या वनहक्क कायद्यात तो लिहिलेलाच आहे. पण हक्क मिळाला अन् माळावर नुसती कुसळी उरली, तर गाय खाणार काय?

मागच्या भादव्यात आम्ही पोरापोरींनी म्हाताऱ्यांना घेऊन सगळा माळ फिरून पाहिला. ओढ्याकाठच्या काळ्या मातीत मारवेल अजून आहे. मऊ असतं, गाय आधी तेच शोधते, म्हणून तेच आधी संपतं. वर मुरमाड जागेत शेडा, पवन्या, तेही चांगलं. कुसळीलाही नावं ठेवू नका, कोवळी असताना गुरं खातात. निसवली की कुसळं तोंडात रुततात, मग नाही.

आपली खरी चूक कापणीची. बी झडून गवत पिवळं पडल्यावर आपण विळा काढतो. पोट भरतं, दूध उतरत नाही. फुलावर येतानाच कापायला हवं. "तेव्हा पाऊस असतो, वाळवू कुठं?" असं एक आजी म्हणाली. बरोबर आहे तिचं. उघडीप बघून थोडं थोडंच कापावं लागेल.

खात्याचे लोक म्हणतात, माळ पडीक आहे, चर मारून साग लावू. म्हणून यंदा पहिल्या पावसात मारवेलचे ठोंब लावायचे अन् अर्धा माळ फुलापर्यंत बंद ठेवायचा. कोणती बाजू बंद, वरची की खालची, अन् राखणीला पाळी कुणाची, ते उठायच्या आधी ठरवू.