लॉन दसऱ्यालाच का?

(वार्षिक सर्वसाधारण सभेत केलेले भाषण)



रौप्यमहोत्सव जानेवारीत आहे, तर लॉन आदल्या आठवड्यात घालू, ताजं हिरवंगार दिसेल, अशी सूचना आली आहे. माझा तिला विरोध आहे. नर्सरीतून येणारं कार्पेट म्हणजे मुळं कापलेलं गवत. त्यावर आठ दिवसांत मांडव आणि खुर्च्या आल्या तर ते मरणारच. शिवाय हे गवत उबेत वाढणारं. थंडीत ते लवकर मुळं धरत नाही. पाऊस सरल्यावर जमीन ओलसर असते, उबदारही असते. म्हणून दसरा.

खरं काम गवताखालचं आहे. मागच्या बाजूला खणलं तेव्हा चार बोटं मातीखाली राडारोडाच निघाला. तेव्हा ९ इंच खणायचं, विटांचे तुकडे वेचायचे, लाल माती आणि कुजलेलं शेणखत घालायचं, उतार इमारतीपासून बाहेर ठेवायचा. मग पाणी मारून आठ-दहा दिवस नुसतं थांबायचं. लव्हाळा वर येईल, तो गाठीसकट काढायचा. नुसता उपटला तर पुन्हा येतो, आपल्या थकबाकीसारखा!

कार्पेट आल्या दिवशीच अंथरायचं. गुंडाळी आतून तापते आणि गवत पिवळं पडतं. विटांच्या बांधकामासारखे सांधे चुकवायचे, फटींत चाळलेली माती, वरून रोलर आणि लगेच पाणी. २,००० चौरस फुटांवर ५ मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे ९३० लिटर. सुरुवातीचे दोन आठवडे ते रोज लागेल, पुढे कमी करता येईल. आंब्याखाली ऊन नाही, तिथे गवत नकोच, बाक टाका.

आता अडचणीचं. दसरा ते दिवाळी, वीस दिवस, कुणी पाऊल टाकायचं नाही. कोजागिरीचं दूध गच्चीवर. क्रिकेट बंद. मुलांचा किल्ला पार्किंगच्या भिंतीशी, उरलेली माती त्यांनाच द्या. मग एक कोपरा हलकेच उचलून बघायचा. सुटला नाही, तर मुळं धरली. त्या दिवशी दोरी काढून मुलांना आत सोडायचं. ‘लॉनवर चालू नये’ अशी कायमची पाटी लावणार असाल, तर माझं मत लॉनच्याच विरोधात धरा. नुसतं बाल्कनीतून बघायला एवढा खर्च कशाला?

मंजुरी मिळाली तर येत्या रविवारी खणायला सुरुवात करू. येणाऱ्यांनी सभा संपल्यावर माझ्याकडे नावं द्यावीत. दोन कुदळी आहेत, घमेली घरून आणा.