वहीत आपलंही नाव हवं
(वस्तीतील महिला मंडळाच्या बैठकीत केलेलं भाषण)



आमच्या घरी बीपीचं यंत्र आलं ते वडिलांसाठी. रोज सकाळी आई त्यांच्या दंडाला पट्टा बांधायची, आकडे वहीत लिहायची. दोन वर्षं हे चाललं. मी एम.एस.डब्ल्यू. झालेली, वस्त्यांमधून आरोग्यावर बोलणारी. पण तो पट्टा आईच्याही दंडाला बांधावा, हे मला सुचलं नव्हतं. एकदा बांधायला गेले तर म्हणाली, "मला काय धाड भरलीय?" आकडा आला १७२/१००.

तिला त्रास काहीच नव्हता. बहुतेकदा तो होतच नाही. आतल्या आत हृदय, मेंदू, मूत्रपिंडं मात्र झिजत राहतात.

एका आकड्यावरून निदान होत नाही. डॉक्टरांनी सात दिवस सकाळ-संध्याकाळ मोजायला सांगितलं. आधी अर्धा तास चहा नाही, मिश्री नाही. लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं स्वस्थ बसायचं. दंडावर कपडा नको, हात छातीच्या पातळीला टेकवलेला. बोलायचं नाही. मिनिटभरानं पुन्हा मोजायचं, दोन्ही आकडे लिहायचे. पहिला दिवस सोडून सरासरी काढायची. घरच्या मोजणीत ती १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली, तर डॉक्टरांना वही दाखवायची.

आमचं अडलं ते 'पाच मिनिटं स्वस्थ' इथं. कुकरची शिट्टी झाली, वडिलांनी हाक मारली, की आई उठलीच! शेवटी वडिलांना सांगितलं, "ही पाच मिनिटं तिची. गॅस तुम्ही बंद करा." कुरकुरत का होईना, त्यांनी केला.

पुढे आकडे उतरले म्हणून आईनं मनानंच गोळी सोडली. आकडा पुन्हा चढला, तो वहीतच दिसला. आता ती गोळी सोडत नाही.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. गरोदर बाईचा आकडा १४०/९० झाला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. कुणाचाही १८०/१२० च्या वर गेला आणि छातीत दुखत असेल, धाप लागत असेल किंवा बोलणं अडखळत असेल, तर क्षणभरही थांबायचं नाही.

मंडळाच्या पैशातून दंडाला बांधायचं एक यंत्र घेऊ, आळीपाळीनं आठवडाभर घरी नेऊ. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं एक वही आणा. पहिल्या पानावर नवऱ्याचं, सासूचं नको. स्वतःचं नाव लिहा.