घडविणारे हात
(अभ्यास मंडळाच्या वतीने केलेल्या भाषणाचा सारांश)



कलेचा इतिहास हा विद्वानांचा विषय, आपल्याला त्यातले काय कळणार, असे आम्हालाही वाटत असे. आमच्या मंडळात कारकून आहेत, शिक्षक आहेत, सुतारकाम करणारेही आहेत. महिन्यातून एकदा आम्ही एखाद्या जुन्या वस्तूचे चित्र पुढे ठेवून बसतो. जमेल तेव्हा प्रत्यक्ष पाहायलाही जातो.

एकदा पुढे होते एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे चित्र. इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या इटलीतील पॉम्पेई शहरात ही भारतीय मूर्ती १९३८ साली सापडली. हात बांगड्यांनी भरलेले, दोन्ही बाजूंना सेविका. तिच्याशी साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती आपल्या तेर आणि भोकरदन येथेही मिळाल्या आहेत. मूर्ती कोणत्या राजवटीतील, यावर आमची चर्चा रंगली. तेवढ्यात आमच्या सुतार सभासदाने विचारले, "राजा असू द्या. पण ही घडवली कुणी?" आम्ही सगळे गप्प झालो.

त्या प्रश्नाने आमच्या अभ्यासाची दिशा बदलली. पॉम्पेईच्या कारागिराचे नाव कुठेच नाही. पण सांचीच्या दक्षिण तोरणावर लेख आहे, की तेथील कोरीवकाम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केले. हस्तिदंतावर चालणारा हात दगडावर फिरला, म्हणूनच ते काम इतके नाजूक! कार्ल्याच्या चैत्यगृहात तर एका सुताराचे नावच कोरलेले आहे. धेनुकाकटचा सामी, वेणुवासाचा मुलगा. दरवाजाचे काम त्याचे. आम्ही तेथे गेलो, तेव्हा छताच्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानींकडे आमचे सुतार बंधू कितीतरी वेळ पाहत राहिले. म्हणाले, "आमच्या धंद्यातल्या माणसाचे नाव आज प्रथमच दगडावर पाहिले."

विद्यार्थी मित्रहो, परीक्षेसाठी राजांची नावे जरूर पाठ करा. पण वस्तू पाहताना वहीत चार गोष्टी लिहा : ती कशाची आहे, कोणत्या हत्याराने केली, दान कुणाचे आणि हात कुणाचा. सुरुवात घरापासूनच करा. आजीची पाटली, जुना पितळी डबा कुणी घडवला, हे सांगणारी माणसे आहेत तोवर विचारून घ्या. सामीचे नाव दगडाने राखले. आपल्या माणसांची नावे आपल्यालाच राखावी लागतील.