ठिपक्यांपासून घनापर्यंत



केंद्र सरकारच्या फायलींत केस पांढरे केलेल्या माझ्यासारख्या बी. ए. झालेल्या गृहस्थाने संगणकावरील चित्रणाविषयी बोलावे, हे धाडसच होय. परंतु त्यास कारण घडले.

माझी कन्या चेन्नईतच वाढली. शिक्षण इंग्रजीत, मैत्रिणींशी बोलणे तमिळमध्ये. मराठी उरली ती जेवणाच्या पानापुरती. एके रात्री ती संगणकापुढे खिन्न बसली होती. काढावयाचा होता घन. पडद्यावर उमटत होता केवळ एक चौकोन.

मी म्हटले, "मला मराठीत समजावून सांग." ती शब्दाशब्दाला अडखळली. शिरोबिंदू, कडा, पृष्ठ हे शब्द मी पुरविले. मग ती सांगू लागली. घनाला ८ शिरोबिंदू व १२ कडा. प्रत्येक बिंदूचे तीन अंक : आडवे अंतर, उभे अंतर आणि खोली. आधी बिंदू द्यावयाचे, मग कोणता कोणास जोडावयाचा ते सांगावयाचे.

"म्हणजे ठिपक्यांची रांगोळीच की!" मी उद्गारलो. येथील कोलमही तसेच. त्याच कोलमच्या रचनेचे नियम ताम्बरमच्या मद्रास ख्रिश्चन कॉलेजातील गिफ्ट व राणी सिरोमनी या दाम्पत्याने कमला कृतिवासन यांच्यासह १९७४ साली गणिताच्या भाषेत मांडले होते.

"पण बाबा, तुमच्या रांगोळीत खोली कुठे आहे?"

मला रामेश्वरच्या मंदिरातील लांबच लांब प्राकार आठवला. सारे खांब सारख्याच उंचीचे, तरी दूरचे लहान दिसतात. हे ऐकताच तिला चूक उमगली : आडव्या व उभ्या अंतरास खोलीने भागावयाचे राहिले होते. समोरचे कोपरे डोळ्यापासून ४ अंतरावर, मागचे ६ वर. मध्यरेषेपासून सर्व १ अंतरावर. १२ ने गुणून खोलीने भागले की पुढचे ३ वर येतात, मागचे २ वर. भागाकाराविना दोन्ही चौकोन एकमेकांवर पडत होते. आता मोठ्यात लहान चौकोन उमटला, चार कडांनी जोडलेला.

त्या रात्री आम्ही प्रथमच तासभर एका विषयावर मराठीत बोललो.

मंडळाची ५० वर्षे नाटके, गणेशोत्सव, हळदीकुंकू यांनी सजली. ती परंपरा चालावीच. माझी विनंती एवढीच : मुले बाहेर जे शिकतात, ते घरी मराठीत विचारा. आपणांस कळले नाही तरी चालेल. त्यांना सांगता आले पाहिजे.