अवधान आणि मायबोली
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



मी वैद्यकशास्त्राचा जाणकार नाही. कलाशाखेचा साधा पदवीधर, केंद्र सरकारच्या सेवेत बदल्यांच्या निमित्ताने प्रांतोप्रांती फिरलेला. परंतु परमुलखात संसार करणाऱ्या आपणां सर्वांना एक प्रश्न सतत अस्वस्थ करतो : आपली मराठी आपल्या मुलाबाळांच्या मुखी टिकेल काय? त्याचा शोध घेताना मेंदूविषयी थोडे वाचन घडले. त्यातून जे हाती लागले, ते आपल्यापुढे ठेवतो.

ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे काय मागतात? केवळ अवधान. आधुनिक मेंदूविज्ञान या मागणीचे मोल आज नव्याने पटवून देत आहे. प्रौढ माणसाचा मेंदू वजनाने जेमतेम १.३ ते १.४ किलो, म्हणजे शरीराच्या सुमारे दोन टक्के. परंतु विश्रांतीच्या वेळी शरीर जी ऊर्जा खर्च करते, तिचा पाचवा हिस्सा एकटा मेंदू घेतो. कानांवर पडणाऱ्या प्रत्येक शब्दाचा अर्थ लावत बसणे त्याला परवडणारे नाही. म्हणून तो निवड करतो. त्या निवडीचेच नाव अवधान.

ब्रिटिश संशोधक कॉलिन चेरी यांनी १९५३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाच्या दोन कानांत दोन वेगवेगळी भाषणे ऐकवायची आणि एका कानातले भाषण त्याने मोठ्याने म्हणत जायचे. नंतर विचारले असता दुसऱ्या कानातले जवळजवळ काहीच सांगता येईना. पुरुषाचा आवाज जाऊन स्त्रीचा आला, एवढे कळे. पण मध्येच इंग्रजीऐवजी जर्मन सुरू झाले, तरी ते लक्षात येत नसे. पुढे १९५९ मध्ये नेव्हिल मोरे यांनी दाखवून दिले की, त्या दुर्लक्षित कानात श्रोत्याचे स्वतःचे नाव उच्चारले, तर सुमारे एकतृतीयांश लोकांना ते ऐकू येते. म्हणजे दार लोटलेले असले तरी आपल्या माणसाची हाक आत पोचू शकते. परक्या शहराच्या स्थानकावर शेकडो आवाजांच्या गलबल्यात कोणी ‘अहो, इकडे या’ म्हटले की आपली मान वळते, तीही याच जातीची गोष्ट.

आता भाषेकडे वळू. भाषेची जडणघडण मूल बोलू लागण्याच्या कितीतरी आधी सुरू होते. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली इंग्रजीभाषी घरांतील बालकांना हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ हे ध्वनी ऐकविले. सहा ते आठ महिन्यांच्या बालकांना त्यांतील भेद कळे. दहा-बारा महिन्यांच्या बालकांपैकी फारच थोड्यांना कळे. जे ध्वनी घरात कानी पडत नाहीत, त्यांच्याकडे लक्ष देणे मेंदू सोडून देतो. दार कायमचे बंद होत नाही. मोठेपणी कष्टाने भाषा शिकता येते. पण ते अरुंद होते, हे खरे.

आपल्या दृष्टीने याचा अर्थ गंभीर आहे. हिंदीच्या परिसरात ‘ळ’ नाही, म्हणून तेथे टिळकांचे तिलक होतात. ज्या मुलाच्या कानी ‘ळ’ पडलाच नाही, त्याला ‘मूल’ आणि ‘मूळ’ सारखेच वाटतील. ‘जग’ हा शब्द घ्या. विश्व या अर्थी एक उच्चार, आणि जगण्याचा आशीर्वाद देताना दुसरा. लिपी हा भेद दाखवीत नाही. तो कानानेच शिकावा लागतो.

मग मराठी गाणी आणि चित्रफिती घरात लावून ठेवल्या की भागेल काय? पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली अमेरिकेतील नऊ महिन्यांच्या बालकांना बारा बैठकांतून चिनी भाषा ऐकविली. ज्यांच्याशी प्रत्यक्ष माणूस खेळला, बोलला, त्यांना त्या भाषेतले ध्वनी तैवानमधील मुलांच्या बरोबरीने ओळखू येऊ लागले. तीच माणसे ज्यांनी केवळ दूरदर्शनच्या पडद्यावर पाहिली, ती बालके काहीही शिकली नाहीत. २०१७ सालचा आणखी एक प्रयोग आपण सर्वांनी ध्यानात ठेवावा असा आहे. माता आपल्या दोन वर्षांच्या मुलांना नवे शब्द शिकवीत असता मध्येच भ्रमणध्वनी वाजला, तर तो शब्द मूल शिकले नाही; अखंड शिकविलेला मात्र शिकले. शब्द दोन्ही वेळा तितक्याच वेळा उच्चारला गेला होता. तुटले होते ते अवधान.

‘दोन-तीन भाषांनी मुलाचा गोंधळ होईल’ ही भीती अनेक पालक बोलून दाखवितात. दोन भाषा येणाऱ्याच्या मेंदूत दोन्ही जाग्या असतात आणि प्रसंगानुरूप एक पुढे व दुसरी मागे ठेवावी लागते, हे खरे. पण मुले हा व्यवहार सहज करतात. उलट, हैदराबादच्या निझाम आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. सुवर्णा अल्लाडी व सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास करून २०१३ साली तो प्रसिद्ध केला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा विकार सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसून आला. निरक्षरांतही फरक आढळला. अन्यत्र झालेल्या सर्व अभ्यासांचे निष्कर्ष असे अनुकूल नाहीत, त्यामुळे यास रामबाण औषध समजू नये. तथापि घरात मराठी बोलल्याने मुलाचे नुकसान होते, या समजुतीला आधार नाही, एवढे निश्चित.

तेव्हा माझी विनंती साधी आहे. दिवसाकाठी निदान अर्धा तास, हातातले यंत्र बाजूस ठेवून, मुलाच्या नजरेस नजर देऊन त्याच्याशी मराठीत बोला. चुकला तर हसू नका. योग्य शब्द आपल्या उत्तरात सहज येऊ द्या. आजी-आजोबा घरी आले असतील, तर त्यांना दूरचित्रवाणीपुढे न बसविता नातवंडांच्या मध्ये बसवा. आणि गणेशोत्सवातील नाटकाच्या तालमीस मुलांना आवर्जून धाडा, कारण तेथे मराठी त्यांच्या कानी समवयस्कांच्या तोंडून पडते. मंडळाची वास्तू, ग्रंथालय, वर्गणी, सभा यांचे खरे सार्थक या जिवंत बोलण्यात आहे.

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हे मंडळ स्थापिले, त्यांनी आपली मराठी आपल्यापर्यंत पोचविली. पुढच्या पन्नास वर्षांचे दायित्व आता आपल्याकडे आले आहे. ते पेलण्यास पैसा थोडा आणि अवधान फार लागेल.