रित्या पिस्तुलाचा रियाज

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत माझ्याआधी संतवाङ्मयावर, नाट्यसंगीतावर आणि माळव्यातील मराठी माणसांच्या इतिहासावर अभ्यासपूर्ण भाषणे झाली. त्या विद्वानांच्या पंगतीला पिस्तूल हाताळण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला बसवावे, हे कार्यकारिणीचे धाडसच म्हटले पाहिजे. कार्यवाहांनी मला ‘नेमबाजीतील भारताची प्रगती’ असा भारदस्त विषय सुचवला होता. तो विषय वर्तमानपत्रांतून आपल्यापर्यंत पोहोचतोच. म्हणून त्यांची क्षमा मागून मी एक लहानसा, घरगुती विषय निवडला आहे. गोळी न घालता पिस्तुलाचा सराव कसा करावा, आणि तो करताना पिस्तूल आणि माणूस या दोघांनाही इजा होऊ नये यासाठी काय काळजी घ्यावी, एवढेच मला सांगावयाचे आहे.

हा विषय आपल्या मंडळाला अगदीच परका नाही. येथून जवळच महूला लष्कराचे आर्मी मार्क्समनशिप युनिट आहे. तेथे घडलेल्या विजयकुमार यांनी २०१२ साली लंडन ऑलिंपिकमध्ये २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूल प्रकारात रौप्यपदक मिळवले. २०१८ साली इंडोनेशियात झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक जिंकले. हे दोन्ही प्रकार पॉइंट २२ रिमफायर काडतुसाचे आहेत. आज आपल्या मंडळातील काही मुलामुलींच्या हातीही रेंजवर तेच पिस्तूल येऊ लागले आहे. त्यांचे आईवडील मला नेहमी विचारतात, “काडतुसे महाग, रेंज लांब, मग मुलांनी रोजचा सराव करावा तरी कसा?”

त्याचे उत्तर जुनेच आहे. रिकामे पिस्तूल उचलावे, नेम धरावा, चाप हळुवारपणे मागे न्यावा आणि ‘टक्’ असा आवाज ऐकावा. रेंजवर याला ड्राय फायरिंग म्हणतात. मी त्याला रिता सराव म्हणतो.

कुणाला वाटेल, हा गरिबाचा उपाय आहे. काडतुसे परवडत नाहीत म्हणून केलेली तडजोड आहे. तसे मुळीच नाही. ज्यांच्यापाशी काडतुसांचा तोटा नाही तेही हा सराव करतात, कारण खऱ्या गोळीच्या आवाजात जे लपून जाते ते यात उघडे पडते. पिस्तुलाच्या पुढच्या टोकावरची माशी आणि मागची खाच यांत २५ मीटर प्रकारात फार तर २२० मिलिमीटर अंतर ठेवता येते. चाप सुटण्याच्या क्षणी माशी खाचेच्या मध्यापासून एकच मिलिमीटर सरकली, तर २५ मीटरवर गोळी सुमारे ११४ मिलिमीटर बाजूला जाते. अचूक नेमाच्या लक्ष्यावरचे दहाचे वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचे असते. म्हणजे त्या एका मिलिमीटरने दहाचे सहा होतात. आता नवशिक्याचे काय होते, तर आवाज आणि धक्का येणार या धास्तीने चाप सुटण्याच्या निमिषभर आधी त्याचे मनगट आकसते आणि माशी खाली जाते. पण त्याच निमिषात गोळी सुटते, हात उसळतो, आणि दोष त्या उसळीत झाकला जातो. नेमबाज पिस्तुलाला दोष देतो, वाऱ्याला दोष देतो. रित्या पिस्तुलात उसळी नसते. माशी हलली तर ती हललेली दिसते. तेथे सबब चालत नाही.

गाणाऱ्यांच्या गावात राहणाऱ्यांना हे मी अधिक काय समजावू? मैफलीत तबल्याच्या साथीने झाकला जाणारा बेसूर पहाटे नुसत्या तंबोऱ्यावर झाकला जात नाही. तसेच हे आहे.

मात्र रिमफायर पिस्तुलाच्या बाबतीत एक मेख आहे. सेंटरफायर काडतुसात ठिणगी पाडणारे द्रव्य बुडाच्या मधोमध बसवलेल्या टोपीत असते. रिमफायरमध्ये तेच द्रव्य पितळी बुडाच्या बाहेर आलेल्या कडेच्या आत भरलेले असते. म्हणून फायरिंग पिन मध्यावर न आदळता कडेवर आदळते. तिच्यासमोर चेंबरच्या तोंडाची पोलादी कड असते. एक हातोडा, दुसरी ऐरण, आणि मध्ये चिरडले जाते ते पितळ. आता काडतूसच नसेल तर काय होईल? जेथे पिन फार पुढे जाते तेथे हातोडा सरळ ऐरणीवर बसतो. पिनचे टोक बोथट होते किंवा तुटते. चेंबरच्या कडेवर खळगा पडतो आणि खळग्यालगतचे पोलाद आत उचलले जाते. मग काडतूस आत नीट बसत नाही, झाडलेले टोपण बाहेर निघत नाही, आणि स्पर्धेच्या ऐन रंगात पिस्तूल अडते. उमेदीच्या काळात मी एका क्लबच्या पिस्तुलाची अशी वाट लावली आहे. ते दुरुस्त होऊन येईपर्यंत चार होतकरू मुलांचा सराव बंद पडला. ती मुले काही बोलली नाहीत, पण मला ते अजून बोचते.

म्हणून पहिली गोष्ट ही, की आपल्या पिस्तुलाची माहितीपुस्तिका वाचावी. रिते झाडणे चालते की नाही हे बनवणाऱ्यानेच सांगितलेले असते. काही पिस्तुलांत पिन कडेपर्यंत पोहोचणारच नाही अशी रचना असते. रुगर कंपनीच्या मार्क मालिकेच्या पिस्तुलांत पिनला अडवणारी एक बारीक आडवी खीळ असते. साफसफाईनंतर ती परत बसवायची राहिली, तर तेच सुरक्षित पिस्तूल स्वतःची कड ठेचू लागते. काही स्पर्धापिस्तुलांत रित्या सरावासाठी वेगळी सोय असते. तेथे चाप नेहमीसारखा सुटतो, पण पिनवर घाव बसत नाही. एअर पिस्तुलांतही अशी सोय पुष्कळदा असते. अशी कोणतीच सोय नसेल तर नकली काडतूस वापरावे. परंतु त्यातही पारख हवी. पॉइंट २२ ची काही नकली काडतुसे केवळ यंत्रणा तपासण्यासाठी असतात, घाव सोसण्यासाठी नसतात. प्लॅस्टिकची कड थोड्याच घावांत चेपते आणि मग तिचा उपयोग राहत नाही. कुणी झाडलेली रिकामी टोपणे घालतात. पिन वाचवायला ती काही काळ चालतात हे खरे, पण मी ती कुणाला सुचवत नाही. संध्याकाळच्या उजेडात टेबलावर पडलेल्या पितळी वस्तूंपैकी कोणती रिकामी आणि कोणती भरलेली, हा प्रश्न जेथे पडू शकतो तेथे सराव करूच नये. नकली काडतूस लांबूनही ओळखू येईल अशा भडक रंगाचेच असावे.

हे झाले पिस्तुलाच्या सुरक्षेविषयी. आता माणसाच्या सुरक्षेविषयी बोलतो, आणि त्यासाठी मला माझाच एक अपराध आपल्यासमोर ठेवावा लागेल.

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. दुसऱ्या दिवशी स्पर्धा होती. संध्याकाळी घरी अर्धा तास रिता सराव केला. समोरच्या भिंतीवर काळ्या कागदाची चकती लावलेली होती. मुलगी तेव्हा सात वर्षांची. ती मध्येच आली, चकती तिरकी दिसली म्हणून तिने ती सरळ केली आणि खेळायला निघून गेली. सराव संपला. मी कपाटातून काडतुसे काढली, उद्यासाठी मॅगझीन भरले, ते नीट बसते का म्हणून पिस्तुलात घालून स्लाइड मागे ओढून सोडली. इतक्यात आतून हाक आली, “अहो, चहा निवतोय.” चहा घेऊन परतलो. पिस्तूल टेबलावर होते, चकती भिंतीवर होती. मनात आले, एक शेवटचा नेम धरू. हात सवयीने उठला, माशी खाचेत स्थिर झाली, चाप अगदी मनासारखा सुटला.

गोळी चकतीच्या मधोमध लागली. भिंत बाहेरची, जाड विटांची होती. गिलावा उडाला, विटेला भोक पडले, एवढ्यावर निभावले. पण ती चकती माझ्या मुलीच्या उंचीला होती. तसा निर्दोष नेम मी स्पर्धेत क्वचितच धरला असेल, आणि त्याहून मोठा अपराध माझ्या हातून झालेला नाही. मुलगी धावत आली आणि तिने विचारले, “बाबा, हे रिकामं होतं ना?” बंधुभगिनींनो, त्या प्रश्नाचे उत्तर मी त्या दिवशी देऊ शकलो नाही. त्यानंतर जे नियम मी स्वतःला घालून घेतले तेच माझे उत्तर.

काडतुसे सरावाच्या खोलीत नसावीत. ती दुसऱ्या खोलीत, कुलपात, आणि किल्ली आपल्यापाशी. मॅगझीन काढावे, स्लाइड मागे ओढून अडकवावी, चेंबर उजेडात डोळ्यांनी पाहावे आणि बोटाने चाचपावे. मग क्षणभर दृष्टी दुसरीकडे वळवून पुन्हा एकदा पाहावे. कारण जे दिसावे असे वाटते तेच डोळ्याला पहिल्यांदा दिसते. मध्ये कुणी हाक मारली, दार वाजले, फोन आला, तर परतल्यावर ही सारी तपासणी पहिल्यापासून करावी. नळी जिकडे रोखायची ती भिंत पक्क्या विटांची आणि पलीकडे कुणी नसेल अशीच निवडावी. प्लायवूडचा पडदा किंवा बंद दार म्हणजे भिंत नव्हे. पॉइंट २२ ची गोळी दिसायला चिमुकली, पण मोकळ्यावर ती दीड किलोमीटरहून दूर जाते. सराव संपला की चकती भिंतीवरून काढून टाकावी आणि मोठ्याने म्हणावे, “आजचा सराव संपला.” घरच्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. त्यानंतर पिस्तूल कुलपात जाते, आणि शेवटचा नेम नावाची गोष्ट उरत नाही. रेंजवरही हा सराव मनाला येईल तेथे करता येत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे तो नेमून दिलेल्या जागी, पंचांच्या परवानगीनेच करावा लागतो, आणि इतर वेळी चेंबर रिकामे असल्याची खूण म्हणून त्यात भडक रंगाची पट्टी घालून ठेवावी लागते.

सरावाची रीत साधी आहे. आधी चकतीही नको, नुसती पांढरी भिंत पुरे. नजर माशीवर ठेवावी. २५ मीटर पिस्तुलाचा चाप किमान १००० ग्रॅम वजन पेलणारा असावा लागतो. तेवढा भार हलकेच वाढवत न्यावा. ‘टक्’ झाल्यावर लगेच हात खाली आणू नये. दोन सेकंद तसेच थांबावे आणि माशी कोठे आहे ते पाहून स्वतःला खरे सांगावे. द्रुत प्रकारात लक्ष्य ३ सेकंद दिसते आणि ७ सेकंद लपते. तो ठेका मनात धरून हात खालून वर आणण्याचा सराव असाच होतो. मनापासून केलेले पंचवीस नेम पुरेत. दमलेल्या हाताने केलेले दोनशे नेम चुकाच पक्क्या करतात.

खंडेनवमीला आपण शस्त्रे पुसतो, त्यांना गंधफूल वाहतो. ती पूजा वर्षातून एकदा होते. रिकामे चेंबर दोनदा पाहणे ही रोजची पूजा आहे, आणि ती चुकवण्याची मुभा पदकविजेत्यालाही नाही. आमची मुलगी आता स्वतः मुलांना शिकवते. तिच्या वर्गात नवे मूल आले की पहिला आठवडा ती त्याला नेम धरू देत नाही. फक्त पिस्तूल रिकामे आहे हे पाहायला, चाचपायला आणि मोठ्याने सांगायला शिकवते. पालक कुरकुरतात. मी मात्र मागच्या बाकावर बसून ते ऐकत असतो, आणि प्रत्येक मुलाच्या तोंडून “रिकामे आहे” हे शब्द आले की मला हायसे वाटते.