सणाचें मटण आणि पाहुण्यांची पंगत



सणाच्या दिवशीं पाहुण्यांस मटण पुरलें नाहीं तर अब्रू जाईल, या भयानें कित्येक गरीब घरें कर्ज काढितात, याचें आम्हांस फार दुःख होतें. उपाय आपल्या चुलीपाशींच आहे.

१ किलो मटण हाडांसकट घ्यावें. कांदा-मसाल्यांत परतून तें प्रथम मंद आंचेवर शिजवावें, म्हणजे हाडांचा रस पाण्यांत उतरतो. मग २५० ग्रॅम भिजविलेली हरभऱ्याची डाळ घालावी. ती मऊ होत आली कीं बटाटा, व दुधी त्याच्याही मागून; कारण तो लवकर शिजतो. चिंच अगदीं शेवटीं घालावी. आंबटानें डाळ व बटाटा शिजावयास उशीर लागतो. बटाट्यानें रस्सा दाट होतो, आणि डाळ व भात यांतील प्रथिनें परस्परांची उणीव भरून काढितात.

यांत कोणीं कमीपणा मानूं नये. बटाटा तर नांवासकट पोर्तुगीजांकडून आलेला. त्या पाहुण्यास रश्श्यांत जागा मिळाली, मग डाळ-दुधी तर घरचींच!

पंगतींतून कोणी अर्धपोटीं उठला नाहीं, आणि दुसऱ्या दिवशीं सावकार दारीं आला नाहीं, तोच सण आम्ही खरा मानितों.